फ्लॉसीचं थेट प्रक्षेपण

"शो कर, कॅमेरा आण, कोंबडी आण, काय हवं ते आण," कौस्तुभ म्हणाला होता, "फक्त सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नकोस."

नवरा सल्ला देतो तेव्हा त्याचा एक डोळा टीव्हीवर असतो, त्यामुळे आपणही त्या सल्ल्याचं वजन निम्मंच धरतो. त्यातून हा सल्ला देताना कौस्तुभ पावाला लोणी लावत होता. लोणी लावणाऱ्या माणसाचं कोण मनावर घेतं? मी म्हटलं, "तुझा ना, माणसांवर विश्वासच नाही." आणि भांडी आवरून झाल्या झाल्या ग्रुपवर टाकलं. वर हसरं पिल्लू आणि दोन चांदण्याही टाकल्या.

मुळात विषय होता उन्नतीचा. उन्नती माझी मुलगी, चौथीत आहे. जूनपर्यंत तिचं तोंड प्रश्नांनी भरलेलं असायचं. पालीला उलटं राहून चक्कर येत नाही का, आजोबांच्या कानात एवढे केस आहेत तर थोडे डोक्यावर का घेत नाहीत, वगैरे. मी प्राणिशास्त्रात बीएस्सी केलेलं, त्यामुळे पालीचं मी सांगायचे आणि आजोबांचं बाबांकडे ढकलायचे. मग एक दिवस वर्गात कोंबडीचा धडा झाला. 'कोंबडी अंडी उबवते. ठरावीक काळानंतर अंड्यातून पिल्लू बाहेर येते.' उन्नतीने हात वर करून विचारलं, "पण आत बसून पिल्लाला कसं कळतं, की आता बाहेर जायचं?"

बाई म्हणाल्या, "हे परीक्षेला नाही. खाली बस."

ती खाली बसली, ती बसलीच. त्यानंतर आमच्या घरात एकच प्रश्न उरला. दूध पी म्हटलं की, "हे परीक्षेला आहे?" आजीशी फोनवर बोल म्हटलं की, "परीक्षेला आहे?" कौस्तुभ हसायचा. मी मात्र घाबरायचे. मी आधीच घाबरटांपैकी आहे. उन्नती शिंकली की मी आधी थर्मामीटर, मग इंटरनेट, मग डॉक्टर अशा क्रमाने घाबरते. पण शिंकेवर औषध मिळतं. प्रश्न बंद पडलेल्या मुलीला काय चाटवायचं?

म्हणून ठरवलं, हिला पिल्लू बाहेर येताना प्रत्यक्ष दाखवायचं. आणि एकटीला कशाला, सगळ्या वर्गाला दाखवू. शाळांसाठी विज्ञानाचा छोटासा ऑनलाइन शो. उन्नती विचारणार, मी सांगणार. नाव 'का गं आई?' पहिल्या भागात अंडं फुटताना थेट.

कोंबडी शोधायला लांब जावं लागलं नाही. उमेळे गावात आमच्या बिल्डिंगच्या भिंतीपलीकडे क्लेमेंटीनमावशींची वाडी आहे. म्हणजे वाडीचं जे काही उरलंय ते: केळीच्या दोन रांगा, थोडे माड आणि मधोमध कौलारू घर. आमची बिल्डिंग उभी आहे ती जागाही मावशींच्या दिराचीच होती. मावशी आमच्या बी विंगला अजून 'जांभळाखाली' म्हणतात. "त्या जांभळाखालच्या लिफ्टात अडकले गो बाय," असं त्यांनी सांगितलं की नव्या माणसाला जरा वेळ लागतो.

मावशींच्या पडवीत, डालग्याखाली पेंढ्यावर, फ्लॉसी नावाची तांबडी कोंबडी नुकतीच खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली होती. फ्लॉसी हे मावशींच्या कॅनडातल्या नणंदेचं नाव. "ती पन अशीच," मावशी म्हणाल्या. "नाताळाला येते आनि बसते. उठत नाय."

मावशींनी परवानगी दिली, पण अटी घातल्या. माणसं लांब, मोबाइल त्याहून लांब, आणि फ्लॉसीला जागेवरून हलवायचं नाही. "घाबरली तर अंडी टाकून जाईल. मग पिल्लं तू उबवायची." शिवाय गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून त्यांनी पेंढ्यात एक लोखंडी खिळा ठेवला होता. मी पदवीधर या नात्याने सांगितलं की याला शास्त्रीय आधार नाही. मग घरी आले, रात्रभर आभाळ वाजत राहिलं, आणि सकाळी कुणाच्या नकळत आणखी एक खिळा नेऊन ठेवला. आधार नाही तो नाही, पण दोन असलेले बरे.

इथवर सगळं ठीक होतं. मग ग्रुप.

पहिल्या पाच मिनिटांत सतरा अंगठे आले. त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं, 'छान. पण श्रावणात अंडी?'

मी लिहिलं, 'खायची नाहीत, उबवायची आहेत.'

'ते कळलं. पण बघितली तर चालतात का?'

यावर ग्रुपमध्ये दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, बघायला हरकत नाही, फक्त सोमवारी नको. दुसऱ्या गटाने तडजोड सुचवली, की शोमध्ये 'अंडी' हा शब्दच वापरू नये. त्याऐवजी 'गोलाकार जैविक वस्तू' म्हणावं. हा वाद मी भाबडेपणाने मावशींना सांगितला. मावशी केळीची पानं कापत होत्या. कोयता न थांबवता म्हणाल्या, "माझी कोंबडी क्रिस्तांव हाय. तिला श्रावन नाय."

मग आले घरतकाका. घरतकाका आमचे सेक्रेटरी. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, गीता वाचतात. काकांनी लेटरहेड छापलं. दार उघडताच म्हणाले, "वसुंधरा मॅडम, असा उपक्रम एकट्याने करायचा नसतो."

"का हो काका?"

"श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही."

मी त्यांना चहा दिला आणि मनात म्हटलं, बघते कोण घुसतं माझ्या शोमध्ये. दोनच दिवसांनी मीच त्यांच्या दारात उभी होते. कारण उन्नतीची शाळा.

मुख्याध्यापिका बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग वार्षिक नियोजन उघडून म्हणाल्या, "धडा झाला, पण अंड्यातून पिल्लूचं प्रात्यक्षिक नोव्हेंबरमध्ये आहे."

"पण कोंबडी आत्ता बसलीये, मॅडम."

"ते तुम्ही आधी विचारायला हवं होतं."

कोंबडीला की तुम्हाला, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. उन्नतीचा चेहरा आठवून मी ते गिळलं. बाई तशा वाईट नव्हत्या. त्यांनी वाट सांगितली: कुणा मोठ्या माणसाचं शिफारसपत्र आणा, मग नोव्हेंबर ऑगस्टमध्येही आणता येतो.

मोठी माणसं घरतकाकांकडे असतात. त्यांच्या ओळखीचे एक साहेब कुठल्याशा विज्ञान-प्रबोधन समन्वय समितीचे अध्यक्ष निघाले. ही समिती काय समन्वय करते ते मला अजून कळलेलं नाही, पण पत्र एका दिवसात आलं. आमच्या शाळेसाठीच नव्हे, नालासोपाऱ्याच्या आणि आगाशीकडच्या अशा आणखी दोन शाळांसाठीसुद्धा. मी हरखले. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: उद्घाटन साहेबांच्या शुभहस्ते व्हावं.

"एवढंच ना?" मी म्हटलं.

कौस्तुभने पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर परत वर केला. सुसंस्कृत घरात 'मी सांगितलं होतं' हे असंच म्हणतात.

त्या 'एवढंच'मधून काय काय निघालं ते सांगते. शोचं नाव बदललं. 'का गं आई?' हे साहेबांना पोरकट वाटलं, म्हणून 'ज्ञानतेज विज्ञान-संस्कार मालिका' झालं. बॅनर झाला. त्यावर साहेब मोठे, घरतकाका मध्यम, मी पासपोर्ट साइझ, आणि फ्लॉसीच्या जागी लाल तुऱ्याचा, छाती काढलेला कोंबडा.

"काका, हा नर आहे."

"तुरा चांगला दिसतो, मॅडम."

"पण तो अंडी नाही उबवत."

"बॅनरवर कुठे उबवायची आहेत?"

मग तारखेचा घोळ. मावशींचा हिशोब चर्चच्या मिस्सा धरून चालतो: कोंबडी बसल्यापासून तीन रविवारच्या मिस्सा झाल्या की एक-दोन दिवसांत पिल्लं. त्या हिशोबाने मंगळवार येत होता. साहेब गुरुवारी मोकळे होते.

"दोन दिवस ओढता येतील का?" काकांनी विचारलं.

"काय?"

"अंडी."

"काका, ते माझ्या हातात नाही. कोंबडीच्या हातात आहे."

"मग तिच्याशी कोण बोलणार?" काका म्हणाले, आणि माझी खात्री आहे की ते विनोद करत नव्हते. आयुष्यभर त्यांनी कुणा ना कुणाशी बोलूनच कामं करून घेतली होती. शेवटी साहेबांनीच मोठं मन केलं आणि मंगळवार दिला. त्यावर कार्यक्रमपत्रिका छापली गेली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, मार्गदर्शन, आभार, आणि सगळ्यात शेवटी, चहापानाच्या आधी, 'पिल्लांचे आगमन'.

मधल्या काळात सिद्धेशने मला मदत केली. सिद्धेश आमच्याच मजल्यावरचा, लग्नाचे व्हिडिओ करतो. गुणी आहे, पण जग त्याला लग्नासारखंच दिसतं. पडवी पाहून म्हणाला, "वैनी, ओपनिंगला ड्रोन मारू. वरून वाडी, मग हळूहळू खाली येत क्लोजप. नवरीची एंट्री कशी असते, तशी."

मी नको म्हणायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तीन शाळांच्या पडद्यांवर वरून दिसणारी हिरवीगार वाडी आली आणि मी म्हटलं, "एकदाच हं."

ड्रोन अंगणावर येऊन घोंगावला. प्राणिशास्त्राची पदवी ज्या बाईकडे आहे तिला एवढं तरी सुचायला हवं होतं, की आकाशात पंख पसरून एका जागी तरंगणारी वस्तू कोंबडीच्या लेखी काय असते. घार! फ्लॉसीने जी किंकाळी फोडली ती सी विंगपर्यंत गेली. डालगं उलथवून ती भिंतीवरून उडाली आणि आमच्या पार्किंगमध्ये घरतकाकांच्या स्कूटरवर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सूचना आली: 'पक्ष्यांनी सभासदांच्या वाहनांवर बसू नये.' पक्षी ग्रुपमध्ये नव्हते. अंगठे मात्र आले.

इकडे अंडी उघडी. मावशींनी गरम पाण्याची पिशवी आणली, जुनी चादर आणली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि अंडी झाकायला घेतली. ते बघणं मी जन्मभर विसरणार नाही. उन्नती अंड्यांशेजारी उकिडवी बसली होती. पहिल्यांदाच तिने परीक्षेचं विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "आई, ती नाही आली तर ती मरतील."

फ्लॉसी आली. दिवेलागणीला, मान ताठ ठेवून, जणू बाजारात जाऊन आली. अंड्यांवर बसली आणि माझ्याकडे पाहून अंग फुलवलं. त्या दिवसापासून मी फाटकात दिसले तरी ती अंग फुलवायची. सिद्धेश दिसला तर नाही. ड्रोन त्याने उडवला होता, पण ठपका माझ्यावर. बायकांचं असंच असतं, कोंबड्यासुद्धा त्याला अपवाद नाहीत.

मंगळवार उजाडला. साहेब चिखलात येणार म्हणून मावशींच्या अंगणात गालिचा आणि वर मांडव. खुर्च्यांना पांढरे झगे. मावशींनी केस सेट करून आणले होते आणि नातवाच्या कोमन्यांवला, चर्चमधल्या समारंभाला, घातलेला निळा ड्रेस कपाटातून काढला होता. "मी खुडूक कोंबडीबद्दल दोन शब्द बोलेन," त्यांनी आल्याआल्या जाहीर केलं. काकांनी सांगितलं, वेळ उरला तर. मावशींचा चेहरा उन्नतीच्या बाईंनी 'खाली बस' म्हटल्यावर उन्नतीचा झाला असेल तसा झाला.

आमच्या सोसायटीचं इंटरनेट भिंतीवरून वायर टाकून आणलेलं. एका वेळी एकच कॅमेरा दाखवता येत होता: एक स्टेजवर, एक डालग्यावर, आणि मध्ये बटण घेऊन सिद्धेश. तिन्ही शाळा वेळेवर जोडल्या गेल्या. मुलांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त बाजूला मजकूर सरकत होता. 'हजर. हजर. हजर. आवाज येत नाही. हजर.' शाळांनी मुलांना हजेरी तिथेच लावायला सांगितलं होतं.

फक्त साहेब नव्हते. ते आले तोवर फुलं मलूल झाली होती. समई लावताना पंख्याने वात विझायची. पंखा बंद केला की साहेबांना घाम, पंखा लावला की समई बंद. विज्ञानाचा प्रयोग म्हणून हे तरी मुलांनी पाहिलं असेल. पाच मान्यवर, पाच वाती. मग महिला मंडळाचं स्वागतगीत, तिन्ही कडव्यांसह. मग घरतकाकांचं प्रास्ताविक. त्यात त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून सुरुवात केली. मग शाल, श्रीफळ, आणि साहेब बोलायला उभे राहिले.

"बालमित्रांनो, प्रश्न विचारा!" साहेबांनी टाळीची वाट पाहिली. "प्रश्न विचारतो तोच पुढे जातो. प्रश्न मात्र शेवटी घेऊ."

तेवढ्यात उन्नतीने माझा पदर ओढला. ती सकाळपासून पडवीत डालग्यापाशी पालथी पडून होती. एक गाल धुळीने माखलेला. "आई," ती कुजबुजली, "आतून आवाज येतोय. अंड्याच्या आतून. पिल्लू हाक मारतं आणि फ्लॉसी बाहेरून उत्तर देते!"

मी धावत सिद्धेशकडे. "बटण दाब! डालग्यावर जा!"

"नाही वैनी. साहेब बोलताना कोंबडी दाखवायची नाही, काकांनी सांगितलंय."

"का?"

"अपमान होतो."

"कुणाचा?"

"ते नाही सांगितलं."

मी चिठ्ठी लिहिली, 'पिल्लं बाहेर येत आहेत, कृपया आटोपतं घ्यावं', आणि स्टेजवर पाठवली. साहेबांनी ती वाचली, घडी केली आणि खिशात टाकली. त्यांच्या खिशात अशा बऱ्याच चिठ्ठ्या जमल्या असणार. "आम्हीसुद्धा," ते पुढे म्हणाले, "परिस्थितीचं कवच फोडूनच बाहेर आलो आहोत." आणि लहानपणापासून सुरुवात केली.

साहेब सातवीत होते तेव्हा इकडे पहिलं पिल्लू बाहेर आलं. ते तालुक्याला वसतिगृहात राहायला गेले तोवर आणखी तीन. जगाच्या पाठीवर ते पाहत होती फक्त उन्नती. पडद्यावर साहेब, मजकुरात 'हजर, हजर', आणि मध्येच नालासोपाऱ्याहून कुणीतरी बारक्या हाताने लिहिलेलं, 'कोंबडी कधी?'

मग फोटो. साहेबांचा भाषण करतानाचा, मागे सगळे मान्यवर आणि बॅनर, असा रुंद फोटो हवा म्हणून साहेबांबरोबर आलेले दोघे फोटोग्राफर मागे मागे सरकत पडवीत चढले. त्यांतला एक झगेवाल्या खुर्चीला अडखळला. खुर्ची डालग्यावर आदळली. फ्लॉसी किंचाळत उठली, चार पिल्लांना घेऊन थेट स्टेजखाली घुसली. पेंढ्यावर एकच अंडं उरलं. त्याला टवका गेलेला, त्यातून अर्धं ओलं पिल्लू बाहेर, अर्धं आत. हलत होतं, पण हळू. फारच हळू.

"आई!" उन्नतीचा आवाज माइकपर्यंत गेला. "त्याला थंडी वाजतेय! आई, काहीतरी कर ना!"

आणि मी? मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन उभी राहिले. तापमान किती हवं हे मला माहीत होतं. हातात मात्र कार्यक्रमपत्रिका होती.

मावशी उठल्या. सेट केलेले केस, निळा ड्रेस, पायात टाचेच्या चपला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खुर्च्यांचे झगे पावसाळी दमट. माझी साडी सिंथेटिक. "घेण्यापेक्षा द्यायला शिका, बालमित्रांनो," साहेब म्हणत होते, तेवढ्यात मावशी सरळ स्टेजवर चढल्या आणि त्यांच्या खांद्यावरची लोकरी शाल एका झटक्यात ओढून घेतली. साहेबांचा हात हवेत तसाच राहिला. श्रीफळ घरंगळत गालिच्यावरून फ्लॉसीकडे गेलं.

सिद्धेशने इतकी वर्षं लग्नं केली आहेत. नवरीची ओढणी हलली की त्याचा कॅमेरा आपोआप तिच्या मागे जातो. तसाच तो शालीच्या मागे गेला. मावशींनी शालीत ते अंडं गुंडाळलं, छातीशी धरलं, आणि तिन्ही शाळांच्या पडद्यांवर काही क्षण, फक्त काही क्षण, जरीच्या काठातून एक ओलं डोकं बाहेर आलं आणि त्याने चोच उघडली.

'हजर'ची रांग थांबली. नालासोपाऱ्याकडून एक ओळ आली, 'त्याला कसं कळलं बाहेर यायचं?'

मी ती वाचली. उन्नतीनेही वाचली. पाठोपाठ शिक्षकांची ओळ आली: 'मुलांनो, फक्त हजर लिहा.' मग वीज गेली.

अंधुक मांडवात घरतकाका आमच्याजवळ आले. "मॅडम, फोटोपुरती शाल द्या. दोन मिनिटं."

"घेऊन जा," मावशी म्हणाल्या, "पन पिल्लू धरून न्या. सत्कार दोघांचा होईल."

काका गेले. तुम्ही तो फोटो पाहिला असेल तर साहेबांच्या खांद्यावर जे पांढरं दिसतं ते खुर्चीचं कव्हर आहे.

पुढचं सगळं रीतसर झालं. ग्रुपवर अभिनंदन झालं, 'नेटक्या सत्कार-नियोजनाबद्दल'. समितीने मालिका पुढे चालू ठेवावी असं कळवलं. विषयही त्यांनीच सुचवला, ग्रहण, पण शक्यतो रविवारी. मुख्याध्यापिका बाईंनी कार्यक्रम चांगला झाल्याचं सांगितलं, फक्त मध्ये 'एक बाई' आल्या नसत्या तर बरं झालं असतं म्हणाल्या. आणि चाचणीत 'अंड्यातून पिल्लू कसे बाहेर येते?' या प्रश्नाला उन्नतीने पानभर लिहिलं: आधी ते आतून हाक मारतं, आई उत्तर देते, मग ते टोचतं, मग दमून झोपतं, परत टोचतं. शून्य मिळालं. शेजारी लाल शाईत, 'पुस्तकाबाहेरचे'.

मी पेपर हातात घेऊन धडकी भरायच्या तयारीत बसले. उन्नतीने दप्तर फेकलं आणि विचारलं, "आई, बाईंनी कधी बघितलंच नसेल का गं?"

कौस्तुभने टीव्ही बंद केला. आमच्या घरात हे दिवाळीलाच होतं.

तेव्हापासून प्रश्न परत सुरू झाले आहेत, आणि सगळे एकाच विषयावर. ते शालीतलं पाचवं पिल्लू. त्याचा एक पाय जन्मतःच आत वळलेला होता. उन्नतीने त्याचं नाव 'प्रमुख पाहुणे' ठेवलं, कारण ते सगळ्यात उशिरा आलं. प्रमुख पाहुणे चालायला लागले का? त्यांचा पाय सरळ झाला का? फ्लॉसी त्यांना बाकीच्यांसारखंच जवळ घेते का? मला उत्तर देता येत नाही, कारण मावशींनी दुसऱ्या दिवशीच फ्लॉसी आणि तिचं बिऱ्हाड वटार गावी, बहिणीकडे, आग्नेसबाईंकडे पोचवलं. तिथे रेंज नाही, ही त्या घराची मुख्य पात्रता.

"मावशी, पत्ता तरी द्या," मी किती विनवलं. "उन्नतीला घेऊन जाते, एकदाच."

मावशी आता माझ्याशी बोलतात, केळीही पाठवतात. पण त्या बाबतीत ठाम आहेत. "पत्ता दिला की तू ग्रुपवर टाकशील."

कौस्तुभ शेजारीच उभा होता. तो केळं सोलत होता. सोलून झाल्यावर अर्धं माझ्या हातात दिलं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी वटारकडे राहत असेल, किंवा कामाने तिकडे जाणार असेल, तर जरा चौकशी करा. आग्नेसबाई नावाच्या मावशी, दारात चाफा, अंगणात तांबडी कोंबडी. माझं नाव सांगू नका, कोंबडीसमोर तर मुळीच नको. मोबाइल खिशात ठेवा, भाषण करू नका, लांबूनच बघा: पाचवं पिल्लू, उजवा पाय. चालत असेल तर मला एवढंच कळवा, मी उन्नतीला सांगेन. पावसापाण्याचे दिवस आहेत, मूठभर तांदूळ नेलेत तर चालतील.

शाल मात्र नेऊ नका. त्याच्याकडे आहे.